पाच सुसम घनांचा प्रवास

हीरक महोत्सव या शब्दातच हिरा आहे. साठ वर्षे पूर्ण झाली की संस्थेला हिऱ्याची उपमा देण्याची प्रथा आपण पश्चिमेकडून घेतली; परंतु हिऱ्याची ओळख आपण कोणाकडून उसनी घेतलेली नाही. जबलपूरच्या उत्तरेस बुंदेलखंडात पन्ना आहे, आणि तेथील मातीतून आजही हिरे निघतात. पैलू पाडण्यापूर्वीचा, खाणीतून जसाच्या तसा आलेला सुघड हिरा पाहिला तर त्याचा आकार बहुधा एकच दिसतो : दोन चौरस पायांचे मनोरे तळाशी तळ लावून जोडावेत तसा. भूमितीत त्याला अष्टफलक म्हणतात.

आपल्याकडील रत्नपरीक्षकांनी हा आकार बारकाईने पाहिला होता. बुद्धभट्टाची ‘रत्नपरीक्षा’ आणि गरुडपुराणातील रत्नविषयक अध्याय हे एक हजार वर्षांहून जुने लेखन आहे. उत्तम हिऱ्याची लक्षणे सांगताना तेथे तीन संख्या दिल्या आहेत : टोके सहा, बाजू आठ आणि धारा बारा. आजच्या भाषेत म्हणायचे तर सहा शिरोबिंदू, आठ पृष्ठे व बारा कडा. मोजणी अगदी अचूक आहे. सहा आणि आठ मिळून चौदा होतात. त्यांतून बारा वजा केले की दोन उरतात. हे ‘दोन’ फक्त हिऱ्यापुरते नसून सपाट पृष्ठांच्या प्रत्येक बहिर्वक्र घनाकृतीत येतात, ही गोष्ट १७५० साली लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाच्या ध्यानात आली, आणि आज ते सूत्र शाळेतील मुलेही शिकतात. रत्नपारख्यांना सूत्र ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांना खरा हिरा खोट्यापासून वेगळा करायचा होता, आणि त्यासाठी त्यांनी नीट मोजले. मोजणे, मापणे, तुलना करणे आणि सिद्ध करणे या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. सुसम घनांचा इतिहास म्हणजे या पायऱ्या कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत चढल्या त्याचा इतिहास होय. त्यात एक प्रकरण असे आहे की जे मराठी शाळेच्या स्मरणग्रंथात नोंदवले जाणे उचित ठरेल.

सुसम म्हणजे काय?

ज्या घनाकृतीची सर्व पृष्ठे एकाच मापाच्या सुसम बहुभुजाकृती असतात आणि जिच्या प्रत्येक शिरोबिंदूपाशी तितकीच पृष्ठे एकत्र येतात, तिला सुसम बहुफलक म्हणतात. दोन्ही अटी आवश्यक आहेत. भेडाघाटचा संगमरवर ज्या कॅल्साइट व डोलोमाइट जातीच्या खनिजांचा बनलेला आहे, त्यांचा मोठा स्फटिक फुटला की सहा सारख्या पृष्ठांचे तुकडे पडतात. पण ती पृष्ठे चौरस नसून तिरकी, समभुज चौकोनी असतात. तो कललेला घन आहे, सुसम नव्हे. दुसरीकडे, दोन सारखे चतुष्फलक एकमेकांस चिकटवले तर सहा समभुज त्रिकोणांची आकृती तयार होते. पण तिच्या दोन टोकांपाशी तीन-तीन त्रिकोण जमतात आणि उरलेल्या तीन टोकांपाशी चार-चार. तीही सुसम नव्हे.

या दोन्ही अटींतून पार होणाऱ्या आकृती केवळ पाच आहेत : चार त्रिकोणांचा चतुष्फलक, सहा चौरसांचा घन, आठ त्रिकोणांचा अष्टफलक, बारा पंचकोनांचा द्वादशफलक आणि वीस त्रिकोणांचा विंशतिफलक. पाचच का, याचे उत्तर पुठ्ठा आणि कात्री हाती असलेल्या मुलालाही पटवता येते. टोक तयार व्हायला किमान तीन पृष्ठे एकत्र आली पाहिजेत, आणि त्यांच्या कोनांची बेरीज ३६० अंशांहून कमी असली पाहिजे. बरोबर ३६० झाली की पुठ्ठा सपाट राहतो, टोक वर येतच नाही. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा; म्हणून तीन, चार किंवा पाच त्रिकोण जमू शकतात, सहा नाहीत. चौरस तीनच जमतात. सुसम पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा, म्हणून तेही तीनच. षट्कोनाचे तीन कोन मिळून नेमके ३६० होतात आणि तेथे वाट संपते. तीन, एक आणि एक : एकूण पाच. सपाट बहुभुजाकृती हव्या तितक्या बाजूंच्या काढता येतात. घनाकृतींच्या जगात मात्र सुसमतेला एवढी कडक मर्यादा पडते. या आश्चर्यानेच हा सारा इतिहास घडवला.

आपल्याकडील मापनविद्या

प्राचीन भारतीय गणितात घनाकृतींचा विचार मुख्यतः मापनाच्या अंगाने झाला. इ.स. ४९९ मधील ‘आर्यभटीया’त आर्यभटाने चतुष्फलकाला ‘षडश्रि’ म्हटले आहे. त्याने पृष्ठे न मोजता सहा कडा मोजल्या आणि त्यांवरून नाव दिले. घनफळाचा त्याचा नियम मात्र चुकीचा होता : तळाचे क्षेत्रफळ व उंची यांच्या गुणाकाराचा त्याने अर्धा भाग घेतला; वास्तविक एक तृतीयांश घ्यावयास हवा. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त बरोबर नियम दिला, आणि ११५० मधील भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तो नियम, तसेच गोलाचे पृष्ठफळ व घनफळ यांचेही अचूक नियम सर्वांच्या हाती आले.

‘लीलावती’चा मान केवळ तिच्यातील सूत्रांमुळे टिकला नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि १२०७च्या सुमारास त्याला दाने मिळाली, असे त्यावरून कळते. ग्रंथ लिहून झाला, त्यानंतर दोन पिढ्यांत त्याच्यासाठी शाळा उभी राहिली. ‘लीलावती’वर देशभर टीका लिहिल्या गेल्या, पाठशाळांतून ती शिकवली गेली, आणि १५८७ साली अकबराच्या दरबारातील फैजीने तिचे फारसी भाषांतर केले. पाटणच्या त्या मठाची आठवण पुढे पुन्हा येणार आहे.

अलेक्झांड्रियातील एक वाद

पाच सुसम आकृतींची तुलना हा प्रश्न ग्रीकांनी उभा केला. प्लेटोने इ.स.पूर्व चौथ्या शतकात ‘टिमियस’ या संवादात चतुष्फलक अग्नीला, अष्टफलक वायूला, विंशतिफलक जलाला आणि घन पृथ्वीला दिला. द्वादशफलक अखिल विश्वासाठी राखला. ती कल्पना पुढे मागे पडली. टिकले ते प्लेटोचा समकालीन थिएटेटस याचे गणित. त्याच्या कामाचा आधार घेऊन सुमारे इ.स.पूर्व ३०० मध्ये युक्लिडने आपल्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाचा तेरावा व अखेरचा अध्याय रचला. त्यात पाचही आकृती एका गोलात बसवून दाखवल्या आहेत, त्यांच्या कडांच्या लांबीची तुलना केली आहे, आणि सहावी आकृती असू शकत नाही, हे सांगून ग्रंथाचा शेवट केला आहे.

येथून पुढचा प्रश्न असा : एकाच गोलात द्वादशफलक आणि विंशतिफलक बसवले, तर त्यांचे परस्परांशी नाते काय? अपोलोनियसने त्यावर एक पुस्तिका लिहिली होती. टायर नगरीचा बॅसिलिडीझ नावाचा विद्वान अलेक्झांड्रियात आला असता त्याने आणि त्याच्या तेथील एका मित्राने ती पुस्तिका मिळून वाचली. दोघांनाही तिच्यातील मांडणी सदोष वाटली. त्यांनी ती दुरुस्त करून लिहून काढली. त्या मित्राचा मुलगा हिप्सिक्लीझ याला पुढे अपोलोनियसचेच दुसरे लिखाण सापडले व त्यात सिद्धता निर्दोष होती. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात हिप्सिक्लीझने स्वतः या विषयावर लिहिले आणि प्रास्ताविकात ही सारी हकीकत नोंदवली. वडिलांनी काय वाचले, कोठे शंका घेतली आणि आपल्याला पुढे काय सापडले, हे मुलाने लिहून ठेवले आहे. त्याचा हा निबंध पुढे युक्लिडच्या ग्रंथाला चौदावा अध्याय म्हणून जोडला गेला. त्यानंतर बऱ्याच काळाने रचलेला, एका सुसम आकृतीत दुसरी बसवण्याविषयीचा पंधरावा अध्यायही त्याला येऊन मिळाला.

हिप्सिक्लीझने सिद्ध केलेली गोष्ट ऐकायला चमत्कारिक वाटते. एकाच गोलात बसवलेल्या द्वादशफलक व विंशतिफलक यांच्या पृष्ठफळांचे जे गुणोत्तर, तेच त्यांच्या घनफळांचे गुणोत्तर. शिवाय त्याच गोलात बसणाऱ्या घनाची कड आणि विंशतिफलकाची कड यांचे गुणोत्तरही तेच. आकडा सुमारे १.०९८ असा येतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. द्वादशफलकाच्या एका पंचकोनाभोवती वर्तुळ काढा आणि विंशतिफलकाच्या एका त्रिकोणाभोवतीही काढा. गोल एकच असेल तर ही दोन वर्तुळे तंतोतंत सारखी निघतात. हा शोध अरिस्टीअसचा, असे हिप्सिक्लीझ सांगतो. गोलावरील सारख्या आकाराची वर्तुळे केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतात, म्हणून दोन्ही आकृतींची पृष्ठे केंद्रापासून समान अंतरावर आली. आता केंद्रापासून प्रत्येक शिरोबिंदूपर्यंत रेषा जोडल्या, की दोन्ही आकृती अनेक सूच्यांत विभागल्या जातात. सूची म्हणजे तळाकडून टोकाकडे निमुळती होत जाणारी आकृती. या साऱ्या सूच्यांची उंची एकच. सूचीचे घनफळ म्हणजे तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन, हा ब्रह्मगुप्त-भास्करांचाच नियम. उंची समान असल्यामुळे तुलना केवळ तळांची, म्हणजे पृष्ठफळांची राहते. आणि सिद्धता पूर्ण होते.

मोठी आकृती कोणती?

या दोहोंत मोठा कोण, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर विंशतिफलक असे येईल. वीस पृष्ठे असलेली आकृती गोलाच्या अधिक जवळ जाणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलट आहे. एकाच गोलात बसवल्यास चतुष्फलक गोलाचा सुमारे १२.३ टक्के भाग व्यापतो, अष्टफलक ३१.८ टक्के, घन ३६.८ टक्के, विंशतिफलक ६०.५ टक्के आणि द्वादशफलक ६६.५ टक्के. बारा पृष्ठांचा वीस पृष्ठांच्याहून मोठा, आणि सहा पृष्ठांचा आठ पृष्ठांच्याहून मोठा.

कारण त्या सारख्या वर्तुळांतच आहे. पंचकोन आपल्या वर्तुळाचा सुमारे ७५.७ टक्के भाग भरतो. त्रिकोण केवळ ४१.३ टक्के. बारा पंचकोन मिळून अशा ९.०८ वर्तुळांइतके क्षेत्र होते आणि वीस त्रिकोण मिळून ८.२७ वर्तुळांइतके. संख्येने कमी, पण प्रत्येक जण आपली जागा अधिक भरणारा. म्हणून द्वादशफलक पुढे जातो.

मात्र कसोटी बदलली की क्रमही बदलतो. प्रत्येक आकृतीला १०० चौरस सेंटिमीटर पुठ्ठा द्या आणि प्रत्येकीत किती माल मावतो ते पाहा. चतुष्फलकात ५१.७ घन सेंटिमीटर, घनात ६८.०, अष्टफलकात ७३.१, द्वादशफलकात ८१.७ आणि विंशतिफलकात ८५.६. तेवढ्याच पृष्ठफळाच्या गोलात सुमारे ९४.० मावले असते. येथे पृष्ठे वाढतील तसे घनफळ वाढत जाते. ही गोष्ट अलेक्झांड्रियाच्याच पॅपसने इ.स.च्या चौथ्या शतकात सिद्ध केली. तेव्हा द्वादशफलक श्रेष्ठ की विंशतिफलक, या प्रश्नाला एक उत्तर नाही. गोल ठरलेला असेल तर पहिला, पुठ्ठा ठरलेला असेल तर दुसरा. तुलना करण्यापूर्वी काय समान धरले आहे ते विचारावे, हा या प्रकरणाचा धडा. आणि तो भूमितीबाहेरही उपयोगी पडतो.

बगदाद, मराघा, जयपूर

हिप्सिक्लीझचा निबंध आपल्या देशात पोहोचायला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली. नवव्या शतकात कुस्ता इब्न लूका याने चौदाव्या व पंधराव्या अध्यायांचे अरबी रूपांतर केले. पुढे मराघाच्या वेधशाळेमुळे प्रसिद्ध झालेल्या नासिरुद्दीन तुसी या इराणी विद्वानाने १२४८ साली पंधराही अध्यायांची संस्कारित अरबी आवृत्ती सिद्ध केली, आणि पूर्वेकडील अनेक शतकांची भूमिती तिच्यावर पोसली गेली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरचे सवाई जयसिंह (१६८८–१७४३) यांनी आपल्या दरबारातील पंडित जगन्नाथ यांना तिचे संस्कृत रूप करण्यास सांगितले. तो ग्रंथ म्हणजे ‘रेखागणित’.

जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय ब्राह्मण, असे परंपरा सांगते. ते अरबी व फारसी शिकले, जयसिंहांच्या ज्योतिषकार्यात सहभागी झाले आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचेही त्यांनी १७३२च्या सुमारास ‘सम्राट्सिद्धान्त’ या नावाने संस्कृत रूपांतर केले. ‘रेखागणिता’चे पंधरा अध्याय आणि ४७८ प्रमेये. अरबी मुळात प्रमेयाला ‘शक्ल’ म्हणत. जगन्नाथांनी त्याला ‘शकल’ असे रूप दिले. अरबी शब्दाचा ध्वनी राहिला आणि संस्कृतात ‘तुकडा’ हा अर्थही जुळून आला. महाराष्ट्राबाहेर राहणारा एक मराठी माणूस, तीन भाषांच्या उंबरठ्यावर बसून, अलेक्झांड्रियातील पिता-पुत्रांचा प्रश्न आपल्या भाषेत उतरवून घेत होता. जबलपूरच्या मराठी माणसाला हे चित्र परके वाटू नये.

या कथेला दोन खिन्न बाजूही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की युक्लिडचे नाव ‘रेखागणिता’त आले नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, पुढे ते लुप्त झाले आणि जयसिंहांच्या आज्ञेने पुन्हा प्रकट केले, असे ग्रंथाच्या आरंभी म्हटले आहे. त्या काळच्या रीतीला ते धरून असेल; परंतु हिप्सिक्लीझने आपल्या वडिलांचे, बॅसिलिडीझचे, अपोलोनियसचे व अरिस्टीअसचे ऋण ज्या मोकळेपणाने नोंदवले, तो धागा येथे तुटला. वाचकाला सिद्धता मिळाली, सिद्धता करणाऱ्यांची ओळख मिळाली नाही. ज्ञान आपल्या भाषेत आणणे हा सन्मान आहे. ते कोठून आणले हे सांगितल्याने त्या सन्मानाला उणेपणा येत नाही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ‘रेखागणिता’च्या हस्तलिखित प्रती झाल्या, पण गावोगावच्या पाठशाळांतून शिकवला जाणारा तो ग्रंथ झाला नाही. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांच्या संपादनाखाली १९०१–०२ मध्ये तो दोन खंडांत छापून निघाला, तोवर इंग्रजी भूमितीची पाठ्यपुस्तके आपल्या शाळांत स्थिरावली होती. द्वादशफलक-विंशतिफलकाची तुलना एका भारतीय भाषेत पावणेदोनशे वर्षे उपलब्ध होती, आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना तिचा स्पर्श झाला नाही. अनुवाद उत्तम होता. पण ‘लीलावती’ला मिळाला तसा पाटणचा मठ त्याला मिळाला नाही. ग्रंथ झाला, वर्ग भरला नाही.

शब्दांना वर्ग लागतो

याउलट उदाहरण मराठीतच आहे. १८२०च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या पुढाकाराने आणि मराठी शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने इंग्रजी पुस्तकांवरून गणिताची मराठी पाठ्यपुस्तके तयार झाली. त्या पुस्तकांपाठोपाठ मुले होती, शिक्षक होते, परीक्षा होत्या. पुढे केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांच्यासारखे गणिती त्या वातावरणात वाढले. भूमिती, प्रमेय, लंब, कर्ण, शिरोबिंदू हे शब्द कोशातून उचलून कोणी आपल्याला दिले नाहीत. फळ्यावर ते रोज लिहिले गेले म्हणून ते आपले झाले.

जबलपूरला या प्रश्नाची आणखी एक बाजू ठाऊक आहे. १७८१ साली गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले. पुढे नर्मदाकाठ नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७च्या युद्धानंतर इंग्रजांकडे. त्यानंतरचा मध्य प्रांत व वऱ्हाड हा हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा प्रांत होता. स्वातंत्र्यानंतर त्या राज्यात दोन्ही भाषांसाठी पारिभाषिक शब्द घडवण्याचे काम डॉ. रघुवीर यांनी नागपुरात केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ वेगळा निघाला आणि जबलपूर हिंदीभाषक मध्य प्रदेशात राहिले. येथील मराठी मूल घरी आणि वर्गात ‘भूमिती’ म्हणते, तर रस्त्यापलीकडचा त्याचा मित्र ‘ज्यामिति’ किंवा ‘रेखागणित’ म्हणतो, आणि जगन्नाथांच्या ग्रंथाचे नाव असे अजाणता त्याच्या कानावर पडत राहते. आपला ‘शिरोबिंदू’ हिंदीत ‘शीर्ष’ होतो, ‘कडा’ ‘किनारे’ होतात. ‘बहुफलक’ मात्र दोन्हीकडे ‘बहुफलक’च राहतो.

पालकांच्या मनात या ठिकाणी एक शंका उभी राहते आणि ती टाळण्याजोगी नाही. मराठीतून शिकलेले मूल पुढे इंग्रजी किंवा हिंदीतून शिकणाऱ्यांच्या मागे पडणार नाही काय? महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शब्दांची अडचण येते, हे खरे आहे, आणि ती नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु पाच घनांच्या इतिहासाकडे पाहिले तर अडचण कोठे असते आणि कोठे नसते, हे स्पष्ट दिसते. हिप्सिक्लीझची सिद्धता ग्रीकातून अरबीत आणि अरबीतून संस्कृतात गेली; प्रत्येक वेळी सगळी नावे बदलली आणि एकही पायरी ढळली नाही. सारखी वर्तुळे, सारखे अंतर, सारख्या उंचीच्या सूच्या : ज्याला हे एकदा कोणत्याही एका भाषेत खरोखर कळले, त्याला दुसऱ्या भाषेत फक्त नावे शिकायची उरतात. ज्याला ते कोणत्याच भाषेत कळले नाही, त्याच्याजवळ नावे असूनही काही नसते. शब्दांची उणीव काही महिन्यांत भरून येते. पहिल्या समजुतीची उणीव भरून काढणे फार कठीण. ती पहिली समजूत मुलाला ज्या भाषेत प्रश्न विचारण्याचा संकोच वाटत नाही, त्या भाषेत सहज येते. मराठी शाळेचे काम हेच आहे.

आणि ते काम ग्रंथाने एकट्याने होत नाही. त्याला घडणी कापून घेणारे हात लागतात, वाळेपर्यंत दाबून धरलेल्या कडा लागतात, द्वादशफलकाचा अखेरचा पंचकोन बसत नाही तेव्हा कोठे चुकले ते शोधायला लावणारे शिक्षक लागतात, आणि वीस पृष्ठांचा मोठा की बारांचा, यावर वाद घालणारे सोबती लागतात. अलेक्झांड्रियातील दोन मित्रांनीही दुसरे काही केले नव्हते : पुस्तिका मिळून वाचली, शंका घेतली, पुन्हा लिहून काढले, आणि पुढच्या पिढीच्या हाती दिले.

आपल्या शाळेने साठ वर्षे हेच केले आहे. जगन्नाथांच्या पोथीला जे लाभले नाही ते येथे दर वर्षी जून-जुलैत नव्याने भरत आले : वर्ग. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी काय करावे, याच्या सूचना या ग्रंथात इतरत्र येतीलच. त्यांत एका लहानशा सूचनेची भर घालतो. शाळेच्या गणितकक्षात पाचही सुसम घनाकृतींचा एक संच असावा, तो मुलांनीच पुठ्ठ्याचा करावा, आणि प्रत्येक आकृतीखाली मराठी, हिंदी व इंग्रजी नाव त्यांच्याच अक्षरांत लिहिलेले असावे. अष्टफलकाखाली तीन संख्याही लिहाव्यात : सहा, आठ, बारा. पन्न्याच्या हिऱ्यात त्या आहेत, जुन्या रत्नपरीक्षेत त्या आहेत, ऑयलरच्या सूत्रात त्या बसतात, आणि सहावीतील मूल त्या स्वतःच्या बोटाने मोजू शकते.